परक्या हाताखालची विळी

मी विळी बोलतेय. जानकीची विळी. आता मी जानकीकडे राहत नाही, पण कुणी नाव विचारलं तर तोंडात आधी तेच येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करते. मी एका बाईचा दोन वर्षं मत्सर केला. साधासुधा नाही, आतून जळफळून. आणि शेवटी तिचं रक्त काढलं. हे सगळं कसं झालं ते सांगते, मग मला जे काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म देवगडकडच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. लॉरीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचं पोलाद त्यानं तापवलं, ठोकलं, वाकवलं. शेंड्याला नारळ खवायचे दात काढले आणि मला फणसाच्या पाटात घट्ट बसवलं. लेकीला लग्नात द्यायला मला घेणाऱ्या जानकीच्या वडिलांनी माझ्या धारेवर अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, "चेडवाक देवची आसा रे, धार बरी काड." लोहारानं बरी काढली. एकोणीस वर्षांच्या जानकीबरोबर मी मुंबईला आले ती तिच्या ट्रंकेत, दोन लुगड्यांच्या मध्ये.

तिचा नवरा धाकू तेव्हा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन झाला आणि आम्ही मुलुंड पूर्वेला राहायला आलो. पहिल्या मजल्यावरचं घर. बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. जानकीलाही औषधांच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात काम लागलं. त्यांना एकच मुलगी झाली, श्रुतिका. ती माझ्यासमोर रांगली, माझ्याकडे हात केला म्हणून धपाटे खाल्ले, आणि लग्न होऊन बोरिवलीला गेली. धाकू वारला त्याला आता चौदा वर्षं होतील.

ह्या सगळ्या वर्षांत जानकी रोज सकाळी माझ्या पाटावर गुडघा टेकून बसायची आणि बोलायची. मोठ्यानं नाही, पुटपुटल्यासारखं. कारखान्यातला मुकादम काय म्हणाला, धाकूच्या खोकल्याचं काय करायचं, पोरीला दिवसभर शेजारणीकडे ठेवावं लागतं त्याचं कसं वाटतं. ती चारचौघांत कधी रडली नाही. हाताशी कांदा असायचा आणि समोर मी असायचे, तेवढं तिला पुरायचं.

माझा असा समज होता की जानकीला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. तो समज मी फार जपला होता.

धाकू गेल्यावर जानकी आतली खोली भाड्यानं द्यायला लागली. मुलुंडमध्ये मोठमोठी इस्पितळं, लांबून लांबून पेशंट येतात, त्यांच्या नातेवाइकांना महिना-दोन महिने राहायला जागा लागते. नाशिकचे आले, रायपूरचे आले, एकदा टांझानियाचं एक जोडपं राहून गेलं. माणसं यायची आणि जायची. माझं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं.

दोन हजार एकवीसच्या जुलैत दोघी आल्या. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातल्या आई-मुलगी. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. मुलीचं नाव मर्झिया, वय सव्वीस. तिकडे मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. डोक्यावरून रुमाल, पायात मोजे, आणि बोलणं हिंदी मालिका बघून शिकलेल्या हिंदीत. ती जानकीला 'खाला' म्हणायची, म्हणजे मावशी.

ऑगस्टमध्ये तिचं शहर पडलं. ती स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभी होती आणि फोनमध्ये गाड्यांवर बसलेली, बंदुका घेतलेली माणसं दिसत होती. जानकीनं विचारलं, "काय झालं गो?" मर्झिया म्हणाली, "ये मेरे स्कूल का रास्ता है, खाला."

आईचं ऑपरेशन झालं, पण ती त्यातून उठली नाही. सप्टेंबरात तिला इथल्याच कब्रस्तानात पुरलं. जानकी बरोबर गेली होती. बायकांनी आत जायचं नसतं म्हणून दोघी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, हे तिनं घरी येऊन सांगितलं. कुणाला? मला नाही. शेजारणीला सांगितलं. मी ओट्याखाली बसून ऐकलं.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

मर्झियाला परत जाता येत नव्हतं. शाळा बंद, एकटी बाई, घरात दुसरं कुणी नाही. महिना संपला तेव्हा ती पिशवी भरून उभी राहिली आणि म्हणाली, खोली सोडते. जानकीनं पिशवी तिच्या हातातून घेतली आणि कपाटावर टाकली. "कहाँ जाओगी? बैठो. चाय ठंडी हो रही."

मग जानकीनं तिला हे शहर शिकवायला घेतलं. दूध नको असलं तर दूधवाल्याला दोन दिवस आधी कसं सांगायचं. रिक्षात बसल्या बसल्या मीटर कसा बघायचा. "भाजीवाल्याला 'कितना' नाही विचारायचं. 'कितीला' विचारायचं. मग तो जरा कमी सांगतो." मर्झिया आरशासमोर उभी राहून घोकायची, "कितीला? कितीला दिली?" आणि जानकी हसायची. खो खो हसायची. धाकू गेल्यापासून मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. मला एवढंच वाटलं की इतकी वर्षं मी समोर होते, आणि माझ्यानं तिला एकदाही असं हसवता आलं नाही.

पुढच्या मार्चात निर्वासित म्हणून नाव नोंदवायला मर्झियाला दिल्लीला जायचं होतं. एकटीनं जायची भीती वाटत होती. जानकीनं सहा दिवसांच्या चपात्यांचा डबा बांधला आणि निघाली. जी बाई गाव आणि मुंबई सोडून कुठे गेली नाही, ती दिल्लीला गेली! सहा दिवस स्वयंपाकघरात एक पाल होती आणि मी. परत आल्यावर जानकी शेजारणीला रंगवून सांगत होती. "रांगेत चार तास उभे. तिथला साहेब मला विचारतो, तुम्ही कोण? मी म्हटलं, ही माझ्याकडे राहते. तो म्हणतो, म्हणजे कोण? मी म्हटलं, म्हणजे माझ्याकडे राहते!" नंतर बरेच कागद, बऱ्याच खेपा झाल्या, आणि वर्षभरानं कार्ड आलं. जानकीनं ते देवाजवळ ठेवलं, दोन दिवस.

त्याच सुमारास जानकीचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. मर्झियानं तर जन्मात खाली बसून काही चिरलं नव्हतं. ती एक काळ्या मुठीची सुरी घेऊन आली. ओट्याशी उभी राहून, कांदा हातात धरून, अंगठ्याकडे सुरी ओढत ती असा चिरायची की फोडी थेट पातेल्यात पडायच्या. जानकी बाजूला स्टुलावर बसून कौतुकानं बघायची. आणि बोलायची. पुटपुटणं नाही, चांगलं मोठ्यानं, अर्धं हिंदी अर्धं मराठी. मुकादमाचं बोलायची. धाकूच्या खोकल्याचं बोलायची. श्रुतिकाला शेजारणीकडे ठेवून कामावर जाताना पोर खिडकीतून हात हलवायची, ते बोलायची.

जे फक्त मला माहीत होतं ते सगळं तिनं त्या पोरीला सांगून टाकलं.

मी ओट्याखाली, तांदळाच्या डब्यामागे होते. सुरी वर चमकत होती. एखाद्या वस्तूला दात-ओठ खाता आले असते तर मी खाल्ले असते. मला वाटायचं, हिला घर नाही म्हणून हिनं माझं घ्यावं काय? हिची आई गेली म्हणून हिला माझी जानकी हवी? असलं काहीबाही मनात यायचं. आज सांगतानाही लाज वाटते, पण यायचं हे खरं.

एक दिवस जानकीच म्हणाली, "ता खाला-बिला सोड गो. आई म्हण." मर्झिया कांदा चिरत राहिली. मग कुकरची शिट्टी झाली आणि त्या आवाजाच्या आडून तिनं हळूच म्हटलं, "आई."

हे ऐकून आणखी कुणी जळणार होतं, ते मला पुढच्या रविवारी कळलं. श्रुतिका महिन्यातून एकदा बोरिवलीहून यायची. त्या दिवशी ती पाणी प्यायला आत आली, आणि बाहेरून मर्झियानं हाक मारली, "आई, औषध घेतलं?" श्रुतिकाचा ग्लास ओठांशी तसाच राहिला. मग तिची नजर खाली गेली, माझ्यावर पडली.

"आई, विळी इथे टाकलीस? धूळ बसलीय हिच्यावर."

"आता कोण बसतला खाली," बाहेरून जानकी म्हणाली.

श्रुतिकानं पदरानं, म्हणजे ओढणीच्या टोकानं, माझा पाट पुसला. मला ती एकदम माझी वाटली. त्या घरात माझ्यासारखंच कुढणारं आणखी कुणी आहे, ह्याचं बरं वाटलं.

ह्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी मला ओट्याखालून बाहेर काढलं, पण माझ्यासाठी नाही. जानकीच्या ओळखीची कुंदा स्टेशनजवळ पोळी-भाजी केंद्र चालवते. तिच्याकडे चिरणारी एक बाई सोडून गेली होती. जानकीनं मर्झियाचं नाव सुचवलं. कुंदा घरी आली, चहा प्यायली आणि सरळच म्हणाली, "बघ, माझ्याकडे सकाळी सकाळी दहा-दहा किलो कोबी लागतो. मशिनीत काढला की पाणी सुटतं, गिऱ्हाईक बोंबलतं. विळीवर बसता येतं का हिला?"

"येतं," जानकी म्हणाली.

"नाही येत," मर्झिया म्हणाली.

"येईल," जानकी म्हणाली. "मला महिनाभर दे."

तर अशा रीतीनं मी पुन्हा उजेडात आले. धारवाल्याकडून मला धार लावून आणली. जानकी स्टुलावर बसली आणि मर्झिया माझ्या पाटावर. "गुडघा असा दाब. घट्ट. नायतर ती डुलते. हात धारेकडे न्यायचा नाही, भाजी न्यायची. हाताला विसरायचं नाही." पहिल्या दिवशी तिनं कोबीचे असे जाड तुकडे काढले की ते बैलासमोर टाकायच्या लायकीचे होते. जानकी खाली वाकून, गुडघे दुखत असताना, तिच्या हातावर हात ठेवून शिकवायची. इतक्या वर्षांनी जानकीचा हात माझ्या इतक्या जवळ आला, आणि मध्ये दुसरा हात होता.

मी मुद्दाम त्रास दिला. माझा पाट एका कोपऱ्यात किंचित झिजलाय, तिथे दाब कमी पडला की मी डुलते. जानकीला ते माहीत होतं, तिचा गुडघा बरोबर तिथे पडायचा. मर्झियाचा नाही पडायचा. मी डुलत राहिले. ती मात्र रोज बसायची. तीन आठवड्यांत तिचा कोबी दोऱ्यासारखा निघायला लागला. मला तेही आवडलं नाही.

कुंदाकडे जायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, श्रुतिका न सांगता आली. मर्झिया स्वयंपाकघरात कोबी घेऊन माझ्यावर बसली होती. बाहेरच्या खोलीत माय-लेकी बोलायला लागल्या. आमचं घर ते केवढं. शब्दन् शब्द आत येत होता.

"आई, अजून किती दिवस राहणार ती?"

"राहू दे ना. उद्यापासून कामाक लागता."

"मग बघू दे ना दुसरीकडे. तू ना, कमाल करतेस. मी सहा वर्षांची होते, तू मला शेजारच्या काकूंकडे टाकून जायचीस. मला कधी बसवलंस विळीवर? मला कधी शिकवलंस काही? आणि हिला हात धरून शिकवतेस. हिच्यासाठी दिल्लीला गेलीस. माझ्या बाळंतपणाला तू दहा दिवस आलीस, आई. दहा!" तिचा आवाज चिरकला. "आई म्हणते ती तुला. माझी आई आहेस ना तू?"



दोन वर्षांपूर्वी हे बोलणं मर्झियाला समजलं नसतं. पण मराठी तिला जानकीनं शिकवलं होतं, चांगलं शिकवलं होतं. तिचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा भराभर. डोळे माझ्याकडे नव्हते, दाराकडे होते. गुडघा सैल पडला होता.

मला तिचा अंगठा येताना दिसला.

मी वस्तू आहे. मला हलता येत नाही, थांबताही येत नाही. हे मला ठाऊक आहे, आणि कुणी मला दोष देणार नाही हेही ठाऊक आहे. पण खरं सांगते, त्या क्षणी मी मनात म्हटलं, ये.

ती ओरडली नाही. पांढऱ्या कोबीवर लाल ठिपके पडले, मग ठिपके राहिले नाहीत. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? डाव्या हातानं स्वच्छ कोबी बाजूला सारला, खराब होऊ नये म्हणून. आणि म्हणाली, "माफ करा."

जानकी गुडघ्यांमुळे उठेपर्यंत श्रुतिका आत आली होती. तिनं बघितलं आणि झेप घातली. "अगं, वर धर! हात वर! आई, हळद आण, फडकं आण!" तिनं मर्झियाचा अंगठा मुठीत आवळून धरला, स्वतःच्या कुडत्यावर रक्ताचा ओघळ आला तरी सोडला नाही. "मर्झिया, खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे." इतके दिवस ती तिला 'ती' म्हणायची. नाव मी पहिल्यांदाच ऐकलं तिच्या तोंडून.

दोघी रिक्षानं डॉक्टरकडे गेल्या. जानकी मागे राहिली. तिनं फरशी पुसली. मग मला नळाखाली धरलं, धुतलं, आणि बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या घालेल, काहीतरी म्हणेल. तिनं मला तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात ठेवलं.

तासाभरानं दोघी आल्या. सात टाके पडले होते. मर्झियाला आतल्या खोलीत निजवून श्रुतिका स्वयंपाकघरात आली. बाजूला ठेवलेला कोबी तसाच होता. तिनं मला ओढून घेतलं, वळवलं आणि माझ्यावर बसली. जमत नव्हतं तिला, पण बसली. जानकी स्टुलावर होती.

"डॉक्टरांनी विचारलं, घरच्या कुणाला कळवायचं? नंबर द्या," श्रुतिका म्हणाली. "हिनं धडाधडा एक नंबर सांगितला. मी लावला. लागतच नाही. म्हटलं, कुणाचा गं हा? तर म्हणते, सॉरी, तो माझ्या आईचा होता."

तिनं कोबीची नवी फोड धारेला लावली.

"मी जळत होते गं आई. तिनं तुला घेतली असं वाटायचं."

"म्हायत आसा माका," जानकी म्हणाली. मग सावकाश, तिला समजेल असं म्हणाली, "तुला शिकवायला हवं होतं, तेव्हा माझ्याकडे वेळ नव्हता. मला वेळ मिळाला, तोवर तू सुरीवर शिकलीस, स्वतःच्या घरी गेलीस. हात रिकामे होते माझे. समोर आली तिला शिकवलं."

श्रुतिकानं डोळे मिटून घेतले. "मग आता शिकव. हा बघ कसा जाड येतोय."

"गुडघा दाब," जानकी म्हणाली.

मी डुलले नाही. माझ्यात तेवढं बळच उरलं नव्हतं. श्रुतिकाला बोलता तरी आलं. मी कुणाला सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी कुंदा आली. आम्हाला वाटलं, गेली नोकरी. तिनं बँडेज उलटसुलट करून बघितलं आणि जुन्या व्रणांनी भरलेले आपले दोन्ही हात पुढे केले. "हे बघ. हा भोपळ्याचा, हा सुरणाचा, हा माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसाचा. टाके निघाले की ये. तोवर मी कोबी करतच नाही, लोकांना मटकी घालते."

टाके निघाले. आठवडाभरानं एका दुपारी जानकी गुडघ्यांच्या व्यायामाला गेली होती. मर्झियानं मला बाहेर ओढलं, कोबी घेतला आणि पाटावर गुडघा टेकला. हात धारेजवळ नेला की मागे यायचा. तीनदा, चारदा. अंगठ्यावर गुलाबी रेघ होती, ती माझीच.

मग ती बोलायला लागली. माझ्याशी. तिच्या भाषेत, पुटपुटल्यासारखं. मला शब्द कळले नाहीत. 'मादर' कळला, तो आईसाठी असतो. 'हेरात' कळला. मध्ये एकदा 'जानकी' आलं आणि 'श्रुतिका' आलं. ती बोलत राहिली आणि नाक ओढत राहिली. जानकीला ती सगळं सांगत असेल असं मी धरून चालले होते. नव्हती सांगत. ज्या घरानं आपल्याला ठेवून घेतलं त्या घरापुढे किती रडायचं, हा हिशेब तिलाही होताच की. चारचौघांत न रडणारी बाई मी आधी एक पाहिली होती. ही दुसरी.

तिनं कोबी धारेला लावला. मी होते तेवढ्या सगळ्या लोखंडानिशी स्थिर राहिले.

तेव्हापासून मर्झिया कुंदाकडे जाते. कुंदाच्या लेकीला, निधीला, तिनं दहावीचं गणित शिकवलं; पुढच्या वर्षी निधीच्या मैत्रिणी आल्या, आता संध्याकाळी आठ मुली येतात. गेल्या वर्षी तिनं स्वतःची खोली घ्यायची ठरवली. तीन घरमालकांनी कार्ड बघून दार लावलं. चौथ्याकडे श्रुतिका बरोबर गेली. "माझी बहीण आहे. कागद हवाय ना? माझा घ्या," असं तिनं ठणकावून सांगितलं म्हणे. भांडुपला खोली मिळाली.

निघायच्या दिवशी जानकीनं मला पुसून ओट्यावर ठेवलं आणि श्रुतिकाला विचारलं, "तुका व्हयी?"

श्रुतिकानं मला उचललं. माझं वजन तिनं हातात तोललं. "हवीय," ती म्हणाली. "पण मी हिला माळ्यावर टाकेन, आई. तिकडे रोज चालेल ती." आणि मला मर्झियाच्या पिशवीशेजारी ठेवलं.

मर्झिया म्हणाली, "आई, नको. तुमची आहे ती."

"माझी आहे म्हणून तर देते."

मला कुणी विचारलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षांचं घर एका दुपारी सुटलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मी रिक्षात मर्झियाच्या मांडीवर होते आणि मनात संताप होता. मग लक्षात आलं, हिला तरी कुणी विचारलं होतं? ही तर दोन महिन्यांच्या कपड्यांची पिशवी घेऊन निघाली होती, आईला बरी करून परत न्यायला.

आता मी भांडुपला खिडकीखाली असते. पहिले दिवस मला काही जमत नव्हतं. इथे पाणी सकाळी येतं, मी ते संध्याकाळचं धरून बसायचे. इथे गाजरं किसत नाहीत, काडीसारखी लांब बारीक कापतात, भातावर घालायला. मासे कमी, कोथिंबीर ढीगभर. माझी धार वेडीवाकडी जायची. मर्झिया मला म्हणायची, "हळू, हळू. येईल." मराठीत म्हणायची. जानकीकडून शिकलेलं मराठी.

तुमच्या घरी लांबून कुणी आलं, सगळं सोडून आलेलं असलं, तर त्याला जागा द्या. चांगली द्या. पण ती देताना जुनं जे कुणी तुमच्या पायाशी बसलेलं असेल, त्यालाही एखादी हाक मारा. मत्सर कोपऱ्यात वाढतो, तांदळाच्या डब्यामागे. मला तिथली सगळी माहिती आहे.

आणि माझा मत्सर गेला असं समजू नका. श्रुतिकानं जानकीला भाजी चिरायचं एक विजेचं यंत्र आणून दिलंय. दर रविवारी फोन येतो तेव्हा मागे त्याची घरघर ऐकू येते आणि माझ्या पात्याला मुंग्या येतात. जानकी विचारते, जेवलीस का, निधीच्या मैत्रिणी वेळेवर येतात का, खोकला कसा आहे. माझं नाव कधी काढत नाही. कितीतरी रविवार मी तेवढ्यासाठी कान देऊन असते.

परवाच्या रविवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि गो, विळी पुसून ठेवतंस मा? ओली रवली तर गंज चढता तिका."

मर्झियानं काही न बोलता फोन माझ्याकडे वळवला. काचेत जानकी होती. केस आणखी पांढरे झालेत, चष्मा नवा आहे. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बरी दिसता," ती म्हणाली.

बरी आहे मी, जानकी. कोरडी आहे. इथली मला रोज पुसते, आणि बोलतेही. तुझ्याइतकं चांगलं नाही बोलत, पण शिकतेय. तू गुडघ्यांना जप. आणि ते घरघर करणारं यंत्र आहे ना, त्याला मनातलं काही सांगत जाऊ नकोस.